बुधवारचे पाळक

कॉलेजच्या फुटबॉल टीमबरोबर दर बुधवारी काय काय जायला हवं याची यादी माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवर चिकटवलेली असायची. चेंडू, पंप, दोन्ही रंगांचे शर्ट, बर्फाच्या पिशव्या, प्रथमोपचाराची पेटी, पालकांच्या संमतीचे फॉर्म. बर्मिंगहॅममधल्या त्या कॉलेजात मी स्पोर्ट्स ऑफिस सांभाळायची आणि काहीही विसरलं की सगळे माझ्याकडे बघायचे. त्या यादीत अगदी शेवटी, संत्र्यांच्या फोडींच्या डब्याखाली, मी ‘रेव्हरंड’ असं लिहिलेलं होतं. ते बसमध्ये चढले की त्याच्यापुढेही खूण करायची.

हे रेव्हरंड म्हणजे शांतवन शेलार. मूळचे नगरकडचे, आजोबांपासूनचे ख्रिस्ती. तरुणपणी इकडे आले, कित्येक वर्षं एका कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि पन्नाशीच्या आसपास दीक्षा घेऊन धर्मगुरू झाले. त्यांच्याकडे धर्मगुरूला पाळक म्हणतात, म्हणून मीही पाळकसाहेब म्हणायला लागले. दोन हजार सालानंतर लवकरच कॉलेजने त्यांना चॅप्लेन म्हणून घेतलं. हॉस्पिटलला किंवा तुरुंगाला असतो तसा, कोणालाही मन मोकळं करता यावं म्हणून ठेवलेला माणूस. कामाचे दिवस दोन. त्यांतला एक त्यांनी बुधवार मागून घेतला, कारण बुधवारी दुपारी मॅच असायच्या.

“माझ्या खोलीत कोणी येत नाही,” ते म्हणाले. “मग जिथं पोरं आहेत तिथं मीच जातो.”

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या दारावरची पाटी वाचली, आत डोकावले आणि म्हणाले, “सलाम, विजयाबाई.” मी पुण्याची. मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पुढे कळलं, त्यांच्या लोकांत भेटल्यावर असंच म्हणतात. पंधरा दिवसांत मीही सलाम म्हणायला लागले. ऑफिसातल्या बाकीच्यांना वाटायचं की आम्ही दोघं एकाच गावचे.

बुटकी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, कोपरांना विटलेला कॉर्डरॉयचा कोट. कानामागे पेन्सिल. ती लेथवरची सवय सुटली नव्हती. इंग्रजी बोलताना शब्द कारखान्यातले आणि सूर नगरचा. पोरं त्यांची हुबेहूब नक्कल करायची, त्यांच्यासमोरसुद्धा, आणि ते चुका दुरुस्त करायचे: “एवढं नाकातून नाही बोलत मी.” सगळी त्यांना रेव्ह म्हणायची.

प्रिन्सिपॉलनी अट घातली होती की धर्माचा प्रचार करायचा नाही. टीममध्ये मुसलमान होते, शीख होते, ख्रिस्ती होते आणि कशातच नसलेले सगळ्यात जास्त होते. पाळकसाहेबांनी अट लगेच मान्य केली. मग ते करायचे काय? ते बूट साफ करायचे.

परतीच्या प्रवासात ते बसच्या शेवटच्या सीटवर मांडीवर जुने पेपर पसरून बसायचे आणि एका बोथट सुरीने बुटांच्या तळातला चिखल कोरून काढायचे. ज्याचे बूट असतील तो शेजारी. त्या सीटवर काय काय बोललं गेलं ते मला माहीत नाही, पण उतरताना एखादा डोळे पुसत असायचा हे मी पाहिलेलं आहे. एकदा मी विचारलं की हे काम पोरं स्वतः का करत नाहीत. म्हणाले, “समोर बसवलं की पोरगं बोलत नाही, बाई. आपली नजर खाली पाहिजे आणि हात गुंतलेले पाहिजेत. मग बोलतं.”

मॅच चालू असताना ते कोचजवळ कधी उभे राहत नसत. राखीव तिघं जिथं अंग गरम करत असायचे तिथं, थंडीत, त्यांच्याबरोबर. “अकरांना गॅरी आहे. या तिघांना कोण आहे?” गॅरी म्हणजे आमचा कोच, मोठ्या आवाजाचा आणि मऊ मनाचा. पोरं विचारायची, “रेव्ह, देव आज कोणाकडून आहे?” ते सांगायचे की त्याच्याकडे दोन्ही टीमची नावं जातात, तेव्हा फार आशा ठेवू नका.

खोटं बोलणं मात्र त्यांना जमत नसे, आणि त्याचा त्रास सगळ्यांना व्हायचा. आमच्या मॅचना रेफरी बाहेरून यायचा, पण कडेला झेंडा घेऊन पळायला प्रत्येक टीमने आपलाच माणूस द्यायचा असे. एकदा नेहमीचा माणूस आला नाही, म्हणून गॅरीने झेंडा पाळकसाहेबांच्या हातात दिला. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या पोराने गोल मारला. अख्खी टीम त्याच्या अंगावर पडली. पाळकसाहेब झेंडा वर करून उभे. चेंडू आपल्या पोराच्या हाताला लागला होता, असं रेफरीने विचारल्यावर त्यांनी सांगितलं. गोल रद्द झाला आणि आम्ही स्पर्धेतून बाहेर पडलो. बसमध्ये गॅरी म्हणाला, “रेव्ह, नुसतं गप्प बसता आलं असतं.” पाळकसाहेब म्हणाले, “त्याने विचारलं ना.” पुढच्या आठवड्यात पोरांनी त्यांच्या कोटाला पाठीमागून एक लहानसा झेंडा टाचला. तो त्यांनी दिवसभर तसाच मिरवला.

आता नावांचं सांगायला हवं.

मॅचच्या आधी, पावणेदोनच्या सुमाराला, ते ड्रेसिंग रूममध्ये उभे राहून टीमची यादी वाचायचे. प्रार्थना नाही, आमेन नाही. फक्त चौदा नावं, सावकाश. प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबायचे. पण छापलेली नावं ते वाचत नसत. प्रत्येक पोराला त्यांनी विचारून ठेवलं होतं की तुझी आई तुला घरी काय म्हणते, आणि ते नाव पेन्सिलने शेजारी लिहायचे. आमचा कॅप्टन इम्रान, चांगला सहा फुटी, त्याला घरी ‘मुन्ना’ म्हणायचे. आणि जेरोम नावाचा एक काटकुळा मुलगा होता, जमेकन घरातला, त्याला आई ‘बिगा’ म्हणायची, म्हणजे मोठा गडी. पहिल्यांदा ही नावं ऐकून पोरं लोळून हसली. तिसऱ्या बुधवारी कोणी हसेना.

मग ते वेगळंच होऊन बसलं. नावं वाचली की जिंकतो, असं कोणीतरी म्हणालं. एकाचं नाव घेताना पाळकसाहेबांना ठसका लागला आणि त्याचा पाय मुरगळला. झालं. पोरं दारात उभी राहून खात्री करायला लागली की आपलं नाव नीट घेतलं गेलं ना. पाळकसाहेबांना हे अजिबात आवडलं नाही. “हा गंडादोरा झाला, बाई,” ते मला म्हणाले. “देव काय यादी बघून पोरं सांभाळतो?” एका बुधवारी त्यांनी नावं घ्यायला नकार दिला. इम्रान बूट काढून बसला, बाकीचेही बसले. रेफरी शिट्टी वाजवतोय आणि आमची टीम आत. शेवटी त्यांनी नावं वाचली. बाहेर येऊन मला म्हणाले की एकदा कधीतरी ही खोड मोडायला हवी.

त्यानंतर साधारण महिन्याने ती मॅच आली.

टीमच्या यादीच्या मी तीन प्रती काढायची. एक रेफरीला, एक गॅरीला, एक पाळकसाहेबांना. त्या दिवशी बस सुटायला पंधरा मिनिटं असताना एका मुलाच्या घरून फोन आला की तो आजारी आहे. जेरोम दोन आठवडे सर्दीतापाने बाहेर होता, पण किट घेऊन आशेने येऊन उभा होता. गॅरी दारातून म्हणाला, जेरोमला घे. मी कॉम्प्युटरवर नाव बदललं आणि दोन प्रती नव्याने काढल्या. पाळकसाहेब आपली प्रत घेऊन आधीच बसमध्ये बसले होते. बसमध्ये सांगू म्हटलं. बसमध्ये पाण्याची एक बाटली फुटली, ते पुसण्यात राहून गेलं.

मैदानावर पोचल्यावर मी ड्रेसिंग रूमच्या बाहेर, कॉरिडॉरमध्ये, जेरोमसाठी बॅगेतून शर्ट शोधत होते. तो माझ्याशेजारी उघडा उभा होता, थंडीने कुडकुडत, माझ्या शोधण्याची चेष्टा करत. आतून पाळकसाहेबांचा आवाज येत होता. मला तेव्हाही आठवलं नाही. शर्ट मिळाला तोवर दार उघडून ते बाहेर आले.

“रेव्ह, मी राहिलो,” जेरोम म्हणाला.

त्यांनी हातातली यादी पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. मी चूक माझी म्हणून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते हसले.

“आज नावाशिवाय खेळून दाखव, बिगा,” ते म्हणाले. “म्हणजे आतल्या शहाण्यांची खात्री पटेल.”

जेरोमही हसला. शर्ट डोक्यातून घालताना म्हणाला की मग दोन गोल मारतो, बघाच. आणि पळत आत गेला.

शेवटची वीस मिनिटं असताना गॅरीने त्याला उतरवलं. पाळकसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पाच-सहा मिनिटांनी तो कोपऱ्याजवळ पडला. आसपास कोणी नव्हतं, चेंडू तर दुसऱ्या टोकाला होता. आधी सगळ्यांना वाटलं, पाय घसरला. मग गॅरी धावला आणि त्याने छाती दाबायला सुरुवात केली. मी फोनवर ॲम्ब्युलन्सला मैदानाचा पत्ता सांगत होते, गेट कुठलं ते सांगत होते. पाळकसाहेब गवतावर गुडघे टेकून त्याचे पाय धरून होते. ‘बिगा, बिगा’ एवढंच म्हणत होते, मोठ्याने, न थांबता.

तो गेला. हृदयाच्या स्नायूत जन्मापासून दोष होता, असं पुढे चौकशीत निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे कधीही झालं असतं, जिना चढतानाही. हे पाळकसाहेबांना मान्य होतं. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, कारण आणि परिणाम त्यांना कळत होते. पण एक दिवस माझ्या ऑफिसात बसून ते म्हणाले, “देव यादी बघत नाही असं मी पोरांना शंभरदा सांगितलं. आता रोज सकाळी उठून स्वतःला सांगतो. पटत नाही हो.”

दहा दिवसांनी जेरोमची आई लॉकरमधल्या त्याच्या वस्तू न्यायला आली. वृद्धांच्या एका केअर होममध्ये ती काम करायची, तिथल्या युनिफॉर्मवरच आली होती. हातांना साबणाचा वास होता. पाळकसाहेबांनी अंत्यविधीला चार शब्द बोलावेत असा तिने निरोप पाठवला होता, म्हणून मी त्यांनाही बोलावून घेतलं. मी वस्तूंची यादी केली होती. बूट, टॉवेल, दोन वह्या, हेडफोन. तिने प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली.

मग ती बोलायला लागली. जेरोमने तिला नावांबद्दल सांगितलेलं होतं. दर बुधवारी पावणेदोनला ती जिथं असेल तिथं हातातलं काम ठेवायची आणि मिनिटभर डोळे मिटायची. एखाद्या म्हाताऱ्याला भरवत असली तर चमचा खाली ठेवायची. त्या बुधवारीही ठेवला होता. झोप लागत नाही, ती म्हणाली, पण ते मिनिट आठवलं की थोडा वेळ तरी डोळा लागतो.

“मला एकच सांगा,” ती पाळकसाहेबांना म्हणाली. “त्या दिवशी त्याचं कुठलं नाव घेतलंत? जेरोम की बिगा?”

घेतलं का, असं तिने विचारलंच नाही.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. मला कळलं की हा माणूस आता काय करणार. तिला मराठी येत नव्हती, म्हणून मी हळूच मराठीत म्हणाले, “बिगा म्हणा, पाळकसाहेब. एवढंच म्हणा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं. भाषा कळली नसेल, पण सूर कळला असावा.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. नाव घेतलं नव्हतं. तो स्वतः येऊन म्हणाला होता, मी राहिलो. तेव्हाही घेतलं नाही. नावाशिवाय खेळून दाखव, असं म्हणालो. आपल्या यादीत त्याचं नावच नव्हतं, याचा त्यांनी उल्लेखसुद्धा केला नाही. “माझ्याकडून राहिलं,” एवढंच. मी तिथं उभी होते, हातात पेन होतं, आणि मीही काही बोलले नाही.

ती बराच वेळ टेबलावरच्या बुटांकडे बघत होती. मग विचारलं, “यावर तो काय म्हणाला?”

“हसला,” पाळकसाहेब म्हणाले.

तिने मान हलवली. माझ्या यादीवर सही केली, वस्तू बॅगेत भरल्या आणि गेली. संध्याकाळी तिच्या भावाचा फोन आला की अंत्यविधीला रेव्हरंडनी बोलू नये, येऊही नये. ते गेले, पण आत नाही. चर्चसमोरच्या फुटपाथवर टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उभे होते. आम्ही सगळे बाहेर आलो तेव्हा जेरोमची आई त्यांच्यासमोरून गाडीत बसली. तिने काच वर केली नाही की खाली केली नाही.

जेरोमची मावसबहीण आमच्याच कॉलेजात होती. तिच्याकडून कळलं की मावशीने चर्चला जाणं बंद केलंय. कोणी प्रार्थनेचं नाव काढलं की उठून स्वयंपाकघरात जाते. हे मी पाळकसाहेबांना सांगायला नको होतं. मी सांगितलं.

उरलेला सीझन ते येत राहिले. नावं घेणं त्यांनी सोडलं. यादी इम्रानच्या हातात दिली आणि म्हणाले, तुम्हीच वाचा. बूट मात्र साफ करायचे. फक्त आता शेजारी कोणी बसलं तर तेच दचकायचे.

आणि ते मोजायला लागले. परतीला बस सुटण्याआधी मुलं मोजायचं काम माझं. ते माझ्यामागून येत पुन्हा मोजायचे. “पंधरा,” ते म्हणायचे. चौदा, मी म्हणायची आणि यादी दाखवायची. ते मान हलवून परत पहिल्या सीटपासून सुरू करायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत. पंधरा. ड्रायव्हर कुरकुर करायचा, पोरं खिडकीबाहेर बघायची. कोणी हसत नसे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण मार्चमधल्या एका बुधवारी, उजेड चांगला होता, पोरं आपापल्या जागी नीट बसलेली होती, आणि माझेच पंधरा आले. मी पुन्हा मोजले, तर चौदा. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं आणि साउथहॅम्प्टनला मुलीकडे राहायला गेले. ती तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती.

तीनेक वर्षांनी एका ट्रेनिंगसाठी मी साउथहॅम्प्टनला गेले, तेव्हा दुपारचा वेळ काढून त्यांना भेटले. वाळले होते. चर्चमध्ये जाता का, विचारल्यावर म्हणाले की जातो, मागे बसतो. चहा झाला. मुलगी कामावर होती. मी जे बोलायला आले होते ते बोलले. तीन प्रती, त्यांतल्या दोन दुरुस्त केल्या, तिसरी राहिली. शर्ट शोधताना तो माझ्याजवळ उभा होता. त्या दिवशी ऑफिसात मी गप्प बसले. आता त्याच्या आईला भेटून हे सांगायचं माझ्या मनात आहे, असंही म्हणाले. पत्ता माझ्याकडे होता.

त्यांनी कप खाली ठेवला.

“यादीत नसला म्हणून काय झालं? तो माझ्यासमोर उभा होता, बाई.”

मी म्हणाले की तरीही, सुरुवात माझ्या चुकीने झाली.

“तिला सांगू नका,” ते म्हणाले. “तुमचं मन हलकं होईल. तिचं होणार नाही. मी एकदा हे करून बसलोय.” थोड्या वेळाने म्हणाले, “तुम्ही मला त्या दिवशी शब्द दिला होता हातात. एकच शब्द होता. मी खरं बोललो ते कोणासाठी बोललो, हे मला अजून कळलेलं नाही.”

त्यांनी कप उचलले, धुतले, पुसून जागेवर ठेवले.

मला स्टेशनची बस घ्यायची होती. नको नको म्हणत असताना ते स्टॉपपर्यंत आले. वाऱ्याला समुद्राचा वास होता. बस आली तेव्हा मी ‘सलाम’ म्हणाले, त्यांनीही म्हटलं. वरच्या मजल्यावर जाऊन मी खिडकीशी बसले आणि खाली पाहिलं. ते लगेच घरी निघाले नव्हते. स्टॉपवरच्या लांब बाकावर बसले होते, अख्खा बाक रिकामा असताना अगदी टोकाला, अंग चोरून, शेजारी कोणाला तरी जागा करून दिल्यासारखे.